मोठ्या मापाचा पट्टा

नाटक कंपनीचे मालक असलेल्या सरकारांच्या पॉजवर एके काळी लोक जीव टाकत. दरबाराच्या प्रवेशात त्यांचा म्हातारा राजा सिंहासनावरून उठायचा, एक वाक्य फेकायचा आणि थांबायचा. सगळं नाट्यगृह श्वास रोखून बसायचं. मग राजा मान किंचित डावीकडे झुकवायचा, जणू अख्ख्या राज्याचं ओझं त्याच एका खांद्यावर आहे, आणि पुढचं वाक्य यायचं. टाळी! वर्तमानपत्रांनी त्या पॉजवर रकाने भरले. नाट्यशिबिरांतली पोरं तो पॉज घेऊन बघायची आणि तोंडावर आपटायची. आपटणारच. त्यांच्या डाव्या हाताला, विंगेच्या काळ्या पडद्याआड, कुजबुजबाई कुठे उभ्या असायच्या?

बाई कंपनीच्या प्रॉम्प्टर. खरं नाव त्यांचं त्यांना तरी आठवत होतं की नाही कोण जाणे. वीस-एकविसाव्या वर्षी नटी व्हायला आल्या होत्या. पहिल्याच प्रयोगात दिवे अंगावर आले आणि घसा असा बसला की आवाजाऐवजी नुसती वाफ बाहेर पडली. मालक म्हणजे तेव्हाचे तरुण सरकार. प्रयोग झाल्यावर ते म्हणाले होते, "बाई, तुमचा आवाज पहिल्या रांगेलासुद्धा पोचला नाही; पण मला विंगेपासून सिंहासनापर्यंत शब्द न् शब्द कळला." झालं. त्या दिवसापासून बाई विंगेत गेल्या त्या तिथल्याच झाल्या.

आणि काय कुजबुजायच्या! नट आधीच्या वाक्याच्या शेवटच्या अक्षरावर असतानाच पुढचं वाक्य त्याच्या कानात येऊन पडायचं. ना आधी, ना नंतर. प्रेक्षकांना पत्ता नाही. सरकारांचं पाठांतर म्हणजे सगळा आनंदीआनंद. शेवटच्या अंकातला न्यायनिवाड्याचा लांबलचक संवाद तर त्यांनी आयुष्यात एकदाही पाठ केला नव्हता. बाईंनी सोडायचा, त्यांनी झेलायचा. रंगभूषाकार म्हणायचे, "सरकारांचं कसं आहे बाई, कानातून आलं ते थेट तोंडातून बाहेर. मधे डोकं नावाचं स्टेशन लागतच नाही." या रंगभूषाकारांना लहानथोर सगळे रंगमामा म्हणत. जिभेला हाड नसलेला, पण हात मऊ असलेला माणूस.

बाईंचा मुलगा आणि सून दोघंही प्रवासी बोटीवर कामाला; तो मुदपाकखान्यात, ती कपडे धुण्याच्या खात्यात. वर्षातले कैक महिने पाण्यावर. त्यांची मुलगी आजीपाशी, म्हणजे पर्यायाने कंपनीपाशीच वाढली. पायाला स्वस्थता नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. सकाळी शाळा, प्रयोगाच्या दिवशी नाट्यगृह. सामानाच्या पेट्यांवर अभ्यास, कपडेपटाच्या गाठोड्यावर झोप. नऊ पुरी होता होता तिला दरबाराच्या प्रवेशातला छोटा युवराज मिळाला. मोजकी वाक्यं, कागदी मुकुट, आणि राजाला भर दरबारात एक प्रश्न विचारायचा. तो प्रश्न ती असा विचारायची की सरकार रंगपटात येऊन कुरकुरायचे, "पोरगी माझी टाळी खाते."

मग भिंगरी मंदावली. "डोकं दुखतंय," म्हणायची. कधी शाळेतून येताना, कधी सकाळी उठल्या उठल्या. एकदा कपडे बदलताना नाकातून रक्त आलं. बाईंनी गार पाण्याचा कपडा लावला, उन्हात खेळू नको म्हणून दटावलं आणि विंगेत जाऊन उभ्या राहिल्या. लहान मुलाचं डोकं दुखतं. त्याला काय घेऊन बसायचं? जगाने तेच म्हटलं असतं आणि बाईही तेच म्हणाल्या.

आणि मग तो प्रयोग आला.

दरबार भरला होता. युवराज पुढे आला, हात उंचावला आणि गप्प झाला. बाईंनी वाक्य सोडलं. नाही. पुन्हा सोडलं. भिंगरीने ऐकलं होतं, ते तिच्या डोळ्यांत दिसत होतं. पण ते डोळे सरकारांवर ठरत नव्हते. एकदा त्यांच्याकडे बघत, एकदा त्यांच्या शेजारच्या रिकाम्या हवेकडे. हात डोक्याला गेला, मुकुट तिरका झाला. सरकारांना अशा वेळी सुचायचं मात्र भारी. ते मिशीवर बोट फिरवत म्हणाले, "युवराज, रात्री गोड जरा जास्त झालेलं दिसतंय!" नाट्यगृह फुटलं. हसणं संपेना. सरकारांनी वर आणखी एक वाक्य चढवलं, पोरीची नक्कल करत डोकं धरलं, लटपटून दाखवलं. पुन्हा हशा. त्या हशामध्ये भिंगरी तशीच उभी होती, हात डोक्यावर.

पडदा पडल्यावर ती रडत म्हणाली, "मला दोन-दोन दिसत होते."

"दोन-दोन?" सरकार रंगपटाच्या दारात उभं राहून म्हणाले. मागे अख्खी कंपनी जमली होती. "एक सरकार पेलत नाही, हिला दोन दिसतात! मामा, माझं मशीन आणा."

सरकारांना स्वतःला ब्लड प्रेशर होतं आणि त्याचा त्यांना अभिमानही होता. खुर्चीशेजारी रक्तदाब मोजायचं मशीन कायम असायचं; कुणी भेटायला आलं की मोजून दाखवायचे, जसं कुणी आपला पाळलेला पोपट बोलून दाखवतो. त्या मशीनचा पट्टा सरकारांच्या दंडाच्या मापाचा, आणि सरकारांचा दंड म्हणजे एखाद्याची मांडी. भिंगरीच्या काडीएवढ्या हाताला तो पट्टा दोनदा गुंडाळून वर ढिला राहिला. बटण दाबलं, हवा भरली, आकडे आले. सरकारांनी मशीन उचलून सगळ्यांना दाखवलं.

"बघा! माझ्यापेक्षा चांगलं आहे. ठणठणीत. वाक्य विसरली म्हणून सोंग करतेय. आमच्याच कंपनीत वाढून आमच्यासमोर नाटक?"

सगळे हसले. मालक हसले की हसायचं असतं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी त्याहून वाईट केलं. त्यांनी नातीचा हात धरला आणि म्हणाल्या, "सरकारांची माफी माग."

भिंगरीने आजीकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, "चुकले." युवराज दुसऱ्या कुणाला दिला गेला.

पुढच्याच आठवड्यात ती शाळेच्या जिन्यात पडली. हातपाय ताठ झाले, डोळे फिरले. शाळेनेच तिला मुलांच्या दवाखान्यात पोचवलं. बाई धावत गेल्या तेव्हा दाराशी एक शिडशिडीत डॉक्टरीणबाई उभ्या होत्या, केस करकचून बांधलेल्या. बोलणं तसंच, करकचून.

"तुम्ही आजी? तिचं प्रेशर फार वर गेलं होतं. झटका त्यानेच आला. आता औषधाने हळूहळू खाली आणतोय. आधी कधी डोकेदुखी, नाकातून रक्त, डोळ्यांपुढे अंधारी?"

"डोकं दुखायचं. पण डॉक्टर, प्रेशर लहान मुलाला?"

"लहान मुलांनाही असतं. मोजत नाही कुणी, म्हणून सापडत नाही. कधी मोजलं होतं?"

बाईंनी सांगितलं. जसं घडलं तसं. सरकारांचं मशीन, सरकारांचा पट्टा, ठणठणीत.

डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता हात थांबवला. टेबलाच्या खणातून त्यांनी तीन-चार पट्टे काढून पसरले; एक तर बाहुलीला बांधावा एवढा. "पट्टा दंडाच्या मापाचा लागतो. मोठा पट्टा लहान दंडावर बांधला की आकडा खराच्या खाली येतो. आणि खाली येऊनसुद्धा जो आला असेल, तो तुमच्या त्या सरकारांना चांगला असेल. नऊ वर्षांच्या मुलीला नाही. मुलांचं माप वेगळं असतं. वय बघायचं, उंची बघायची." त्या थांबल्या. "त्या दिवशी आणलं असतं तर झटका टळला असता, असं मी छातीठोकपणे नाही म्हणणार. पण आणायला हवं होतं."

बाईंना एवढंच ऐकू आलं: आणायला हवं होतं. आणि त्यांनी काय केलं होतं? माफी मागायला लावली होती. आयुष्यभर ज्या माणसाच्या तोंडात शब्द घातले, त्याने त्यांच्या लेकराच्या तोंडातला शब्द खोटा पाडला होता, आणि तो पाडायला बाईंचाच हात वापरला होता. त्या स्वतःला सोडणार नव्हत्याच. पण आधी सरकार.

तपासण्या झाल्या. एका मूत्रपिंडाला जाणारी रक्ताची नळी मध्येच चिंचोळी झाली होती. डॉक्टरीणबाईंनी साध्या शब्दांत समजावलं: त्या मूत्रपिंडाला रक्त कमी मिळतं, त्याला वाटतं सगळीकडेच कमी पडलंय, म्हणून ते ओरडून ओरडून अख्ख्या शरीराचं प्रेशर चढवून ठेवतं. आधी औषध, मग गरज पडली तर नळीत बारीक फुगा घालून ती रुंद करायची. मग एक छोटं यंत्र भिंगरीच्या कमरेला आलं. दंडाला तिच्या मापाचा पट्टा. दिवसभर थोड्या थोड्या वेळाने आणि झोपेत जरा लांब लांब अंतराने ते आपलं आपण फुगायचं आणि मोजून ठेवायचं.

"रक्तदाबाला दिवस-रात्र कळते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "माणूस झोपला की तो खाली उतरतो, पहाटेपासून चढू लागतो, दिवसभर वर-खाली खेळतो. हिचा झोपेतही उतरत नाही. झोपली तरी हिचं हृदय कामावरच. ते उतरायला हवं. औषध चाललंय का, ते मला हिच्या झोपेतूनच कळेल."

बाईंच्या मनात आलं, म्हणजे लेकरू झोपलं तरी आतला पडदा पडतच नव्हता. प्रयोग चालूच.

"आणि एक," डॉक्टरीणबाई भिंगरीसमोर उकिडव्या बसल्या. "यंत्र फक्त आकडे सांगतं. डोकं दुखलं, धूसर दिसलं, तर ते तू सांगायचंस. लगेच. कळलं?"

भिंगरीने मान हलवली. पण ती सांगेना. घरी आल्यावर एकदा भिंतीला कपाळ टेकून उभी दिसली. बाई म्हणाल्या, "दुखतंय का गं?" "नाही." "खरं सांग." "काही नाही होत, आजी." डोळे घट्ट मिटलेले, आणि म्हणे काही नाही होत. बाईंनी समजावलं, रागावल्या, हातापाया पडल्या. एकदा तर पोर फटकन म्हणाली, "सांगितलं की सगळे हसतात. मग माफी मागायला लागते."

डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं: औषध बसेपर्यंत हिचं सांगणं हाच मोठा आधार. आणि ते सांगणंच सरकारांनी मारून टाकलं होतं.

औषधाचा परिणाम बघायला यंत्र पुन्हा लागलं ते नेमकं सरकारांच्या सत्काराच्या दिवशी. दुपारचा प्रयोग, मोठमोठे पाहुणे, शेवटचा पडदा पडल्यावर मंचावर खुर्च्या मांडून भाषणं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, हिचा नेहमीचा दिवस जसा जातो तसा जाऊ द्या. आणि भिंगरीचा प्रयोगाचा दिवस विंगेतच जायचा. तेव्हा ती आजीशेजारी लाकडी खोक्यावर बसली, कमरेला यंत्र, बाहीत पट्टा.

पहिल्या घंटेला बाई रंगपटात गेल्या. सरकार आरशासमोर बसले होते. रंगमामा दाढी चिकटवत होते.

"काय बाई, पोरगी कशी आहे?" सरकार आरशातूनच म्हणाले. "ऐकलं मी. आमच्या मशीनला काय कळणार म्हणा, ते पडलं राजाचं मशीन!"

स्वतःच्या विनोदावर त्यांनी पोट हलवलं. रंगमामांचा हात थांबला. बाई म्हणाल्या, "बरी आहे, सरकार. आज मी तुम्हाला शब्द न् शब्द देणार. एकही चुकणार नाही."

"ते काय नवीन आहे?"

"आहे थोडं."

बाहेर आल्यावर रंगमामा मागोमाग आले. "बाई, तुमच्या डोळ्यांत आज काहीतरी आहे. गप्प बसणार आहात का विंगेत? बसा, खुशाल बसा. मेला एकदा तरी उघडा पडू दे."

"गप्प बसले तर लोक म्हणतील, म्हातारा विसरला. कीव करतील. मला कीव नको, मामा."

शेवटचा अंक. न्यायनिवाडा. राजा सिंहासनावरून उठला. समोर पाहुण्यांची पहिली रांग, मागे भरगच्च नाट्यगृह. त्यांतले कितीतरी त्या हसण्याच्या दिवशीही आले असतील. कंपनीचा नेहमीचाच तो प्रेक्षक, बाईंना चेहरे ओळखू यायचे. त्यांनी पहिलं वाक्य सोडलं, संहितेतलं. सरकारांनी झेललं.

"या सिंहासनावर बसून मी आयुष्यभर दुसऱ्यांचा न्याय केला."

दुसरं, तेही संहितेतलं. "आज माझा न्याय मी करणार."

इथे खरी संहिता बंडखोर सरदारांकडे वळायची. बाई वळल्या नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचं वाक्य उच्चारलं, त्याच वाफेसारख्या आवाजात, त्याच मोजलेल्या वेळी.

"या दरबारात एक लेकरू आलं होतं," सरकार गरजले. "म्हणालं, माझं डोकं दुखतंय."

खोक्यावर भिंगरी ताठ झाली.

"आणि मी त्याच्या काडीएवढ्या हाताला माझ्या दंडाचा पट्टा गुंडाळला."

हे तोंडातून गेलं आणि सरकारांना कळलं. बाईंनी ते त्यांच्या पाठीवर पाहिलं. झग्याखाली खांदे एकदम आखडले. पॉज. मान डावीकडे वळली, नेहमीपेक्षा जास्त. राजाचे डोळे थेट विंगेत आले. त्या डोळ्यांत राग होता, आणि रागाच्या मागे भीती. कारण पुढचं वाक्य त्यांच्याजवळ नव्हतं. कधीच नव्हतं. बाई देतील ते घ्यायचं, नाहीतर सगळ्या पाहुण्यांसमोर तोंड उघडं टाकून उभं राहायचं. तिसरा रस्ताच नव्हता. बाईंनी घाई केली नाही. तो क्षण त्यांनी चवीने चाखला. तापलेल्या घशाखाली गार पाणी उतरावं तसा.

मग त्यांनी पुढचं वाक्य दिलं.

"माझ्या मापाने मी त्याचं दुखणं मोजलं," सरकार म्हणाले. आवाज आता गर्जना नव्हता. "सगळ्यांच्या देखत म्हणालो, हे सोंग आहे. लोक हसले. मला ते हसणं आवडलं."

भिंगरीच्या बाहीत पट्टा फुगायला लागला. तिने शिकवल्याप्रमाणे हात मांडीवर निश्चल ठेवला.

"ती खोटं बोलत नव्हती. आजारी होती ती. सोंग मी करत होतो."

बाई थांबल्या. संपलं होतं. आता नाट्यगृहातून कुजबुज यायला हवी होती, खोकला, हेटाळणीचा एखादा आवाज. म्हातारा बहकला म्हणून कुणीतरी हसायला हवं होतं. त्या हसण्याची बाई वाट बघत होत्या. आणि आली टाळी. एका कोपऱ्यातून सुरू झाली आणि छतापर्यंत भरली. पहिल्या रांगेतले पाहुणे उभे राहिले. कुणीतरी डोळे पुसत होतं. सरकारांना आयुष्यात अशी टाळी मिळाली नव्हती.

बाईंनी संहिता फटकन मिटली. मेल्याने हेही पचवलं!

पडदा पडला. मंचावर पाहुण्यांसाठी खुर्च्या ओढल्याचा आवाज येऊ लागला. बाई भिंगरीचा हात धरून रंगपटात गेल्या. बोलून घ्यायचं होतं, आणि हाकलून दिलं तर सामान उचलायचं होतं. सरकार मुकुट हातात घेऊन मधोमध उभे होते. रंगमामा कापसाचा बोळा हातात धरून भिंतीला चिकटले होते.

"बाई, हे काय होतं?"

"संवाद, सरकार."

"कुणाचा?"

"तुमचाच. तुम्ही म्हणायला उशीर लावलात, म्हणून मला द्यायला लागला."

सरकारांचा चेहरा लाल झाला, रंगाखालूनही दिसावा इतका. आता फुटणार असं वाटलं. पण बाहेर अजून टाळ्यांचा गलका होता आणि तो कानावर पडताच त्यांचे डोळे बदलले. बाई त्या डोळ्यांना ओळखत होत्या.

"टाळी ऐकलीत?" ते हळूच म्हणाले. "उभे राहिले लोक. बाई, हे पुढच्या प्रयोगापासून ठेवा."

रंगमामांच्या हातातला बोळा पडला.

बाईंना हसावं की थुंकावं कळेना. मग त्यांनी भिंगरीला खांद्याला धरून पुढे केलं. "ठेवते. प्रत्येक प्रयोगाला ठेवते. पण आधी एकदा हिच्यासमोर म्हणा. विंगेशिवाय."

"त्यात काय आहे?" सरकारांनी छाती फुगवली, एक पाय पुढे टाकला, हात लांब केला. "लेकरा..."

आणि पुढे काही नाही.

"लेकरा, मी..." ओठ हलले. मान वळली. बाई तिथेच उभ्या होत्या, हाताच्या अंतरावर. सगळे शब्द त्यांच्या जिभेवर तयार होते, रांगेत उभे. त्यांनी ओठ मिटले. इतके घट्ट की दात लागले. सरकार त्यांच्याकडे बघत राहिले, जसा बुडणारा काठाकडे बघतो, आणि बाई काठासारख्याच हलल्या नाहीत. लांबवलेला हात हळूहळू खाली आला. पुढे टाकलेला पाय मागे गेला. मधोमध उरला तो एक पोट सुटलेला, घामेजलेला म्हातारा, अर्धी दाढी सुटलेली.

"पट्टा मोठा होता," तो म्हणाला. शब्द सापडत नव्हते; खिशात हरवलेल्या किल्लीसारखा तो ते चाचपत होता. "मला कुठे माहीत... नाही, तसं नाही. माहीत नव्हतं तर मी बोलायला नको होतं. लोक हसले ना, मग मला थांबता नाही आलं."

भिंगरी त्याच्याकडे बघत होती. "तेव्हा मला दोन-दोन दिसत होते."

"हो."

"मी खोटं नव्हते बोलत."

"नव्हतीस."

"मग मी माफी का मागितली?"

पोरीने पाळीपाळीने दोघांकडे पाहिलं, नीट, वेळ घेऊन, आणि मग आजीची बाही ओढली.

"आजी, दुखतंय. आत्ता. इथे." तिने दोन्ही कानशिलांवर बोटं ठेवली. "मगाशी खोक्यावर बसले होते तेव्हापासून."

किती आठवडे बाई या वाक्याची वाट बघत होत्या! त्यांनी पिशवी उचलली आणि तोंडातून सवयीने, कुजबुजीतच निघालं, "गाडी काढा."

"गाडी काढा!" सरकार असे गरजले की मंचावरच्या पाहुण्यांनाही ऐकू गेलं असेल.

व्यवस्थापक धावत आला. "सरकार, पाहुणे बसलेत, पडदा उघडतोय, फुलं..."

सरकारांनी बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, "पोरीला दवाखान्यात न्यायचंय."

"पोरीला दवाखान्यात न्यायचंय!"

आणि स्वतःच्या सत्काराकडे पाठ करून राजा झग्यासकट मागच्या दाराने बाहेर पडला. रंगमामा मागून ओरडत होते, "अहो, दाढी! दाढी तरी!" पण ऐकायला कुणी थांबलं नव्हतं. गाडीत एकदा पट्टा फुगला तेव्हा भिंगरीच म्हणाली, "आता हलायचं नाही," आणि सरकारही हलले नाहीत.

बाईंनी त्यांना माफ केलं होतं, असं कुणी समजू नये. त्या खिडकीतून बाहेर बघत पुढच्या प्रयोगांचा विचार करत होत्या. गावोगावी हा माणूस हेच म्हणणार. तोंडाने, स्वतःच्या, टाळीच्या हावेपायी. त्यातला एक शब्दही मऊ करायचा नाही. जमलंच तर ती लटपटून दाखवलेली नक्कलसुद्धा आत घालायची.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मुलीला खाटेवर बसवलं, प्रेशर मोजलं, भुवया किंचित उंचावल्या, नर्सला औषध सांगितलं. "वर आहे, पण मागच्यासारखं नाही. वेळेत आणलंत." मग भिंगरीकडे वळल्या. "कुठे दुखतंय? कधीपासून?"

बाईंनी तोंड उघडलं. आयुष्यभराची सवय. आणि मिटलं.

भिंगरी बोलायला लागली. आजचं सांगितलं. मग परवा शाळेत दुखलं होतं ते. मग त्याआधी भिंतीला टेकून उभी होती तेव्हाचं, आंघोळीच्या वेळचं, एकदा फळ्यावरची अक्षरं पुसट झाली होती ते. इतके दिवस गिळलेलं सगळं ती एकेक करून बाहेर काढत होती आणि डॉक्टरीणबाई मध्ये न बोलता ऐकत होत्या. प्रत्येक दुखणं बाई मनातल्या मनात त्या दाराशी उभ्या असलेल्या माणसाच्या नावावर टाकत होत्या.

सरकार खरंच दाराशी उभे होते. सोनेरी काठाचा झगा, पायात जरीचे जोडे, गालावर लोंबणारी अर्धी दाढी. पलीकडच्या खाटेवरच्या पोराने ते पाहिलं आणि फिस्सकन हसला. मग त्याच्या शेजारची. मग हाताला सलाईन लावलेला एक बारका. बघता बघता अख्खा वॉर्ड हसायला लागला. सरकारांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आधारासाठी बाईंकडे बघितलं.

बाईंनी पोरांना गप्प केलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली, भिंगरीच्या खाटेशेजारी नीट बसल्या, आणि हसू दिलं त्यांना. पोटभर.